आधी संकट निवडा

सुरा घ्यायला गेलेला माणूस सुरा निवडत नाही, संकट निवडतो. काचेच्या कपाटापुढे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे जरा नीट पाहावं. दहा इंची पात्यावर ज्याची नजर खिळली आहे, त्याला मनातून एखादं अस्वल भेटायला हवं असतं. पोटरीला बांधायचा, काळ्या रबरी मुठीचा सुरा जो हातात तोलून बघतोय, त्याच्या डोळ्यांपुढून शार्क गेलेला असतो. आणि पाठीवर करवतीचे दाते असलेला सुरा मागणाऱ्याचं विमान तर केव्हाच कोसळलेलं असतं. तो आता फक्त बिलाची वाट बघत असतो.

विमानाचं मी उगाच म्हणत नाही. अमेरिकी नौदलाने १९५०च्या दशकाच्या अखेरीला आपल्या वैमानिकांसाठी एक सुरा काढला. चामड्याच्या चकत्यांची मूठ, मुठीच्या बुडाला हातोडीसारखं जड लोखंड, म्यानाला धार लावायचा दगड ठेवायला खिसा आणि पात्याच्या पाठीवर करवतीचे दाते. ते दाते लाकडासाठी नव्हतेच. विमान पडलं आणि आतला माणूस अडकला, तर विमानाचा ॲल्युमिनियमचा पत्रा फाडून त्याला बाहेर पडता यावं म्हणून होते. पुढे ती करवत इतकी देखणी ठरली, की जगातल्या निम्म्या ‘सर्व्हायव्हल’ सुऱ्यांच्या पाठीवर ती उगवली. लाकडावर चालवून बघा, दोन बोटं आत जाऊन अडकून बसते. पण आपण स्कूटरवरून कामावर जातो, आपल्यावर पत्रा फाडायची वेळ सहसा येत नाही, हे दुकानात आठवायचं कुणी?

हा विषय निघाला तो अमेयमुळे. अमेय माझा भाचा. मुरुडेश्वरला जाऊन नेत्राणी बेटापाशी स्कूबाचा कोर्स करायचं त्याने ठरवलं, आणि सगळी तयारी झाल्यावर फोन केला, “मामा, असा एक सुरा सांग, जो जंगलातही चालेल आणि समुद्रातही. घडीचा नको. एकसंध, दणकट. एकच घेणार, पण आयुष्यभराचा घेणार.”

सह्याद्रीत बरीच वर्षं भटकल्यामुळे आमच्या नात्यागोत्यात माझ्याविषयी असे गैरसमज आहेत. पाण्याखालचा माझा अनुभव मालवणचा. तिथे पोहता न येणाऱ्यालाही समुद्राचा तळ दाखवून आणतात. मांजर पिल्लाला मानेला धरून नेते, तसा प्रशिक्षक आपल्याला मागून सिलिंडरला धरून नेतो. पिल्लाच्या हातात सुरा द्यायचं त्यांच्या मनातही येत नाही आणि ते बरंच आहे. तरी मी अमेयला “बघतो” म्हणालो. ‘बघतो’ म्हणायला मामाला पैसे पडत नाहीत.

आणि बघता बघता लक्षात आलं, की पोराने मागितलेली वस्तू म्हणजे एकाच म्यानात कोंबलेल्या दोन सवती आहेत.

पोलादाचंच घ्या. लोखंडात थोडा कार्बन मिसळला की पोलाद होतं. कार्बन शेकडा एकच्या आसपास नेला, लाल तापवून त्याला पाणी दिलं, की ते काचेसारखं कठीण होतं. मग लोहार ते पुन्हा बेताने तापवून थोडं नरमावतो, नाहीतर पहिल्याच फटक्याला तुकडा उडायचा. असं पोलाद धार छान धरतं आणि नदीकाठच्या दगडावर घासलं तरी पुन्हा पाजवता येतं. जंगलात फिरणाऱ्याला हेच हवं. याचा दुर्गुण एकच, ते गंजतं. आपल्या पावसाळ्यात तर रात्री पुसून ठेवलेल्या पात्यावर सकाळी तांबूस ठिपके दिसतात. समुद्राचं नावही त्याच्यापुढे काढू नये.

पाणबुड्याला हवं ते गंज न धरणारं. त्यासाठी पोलादात शेकडा दहा-अकराच्या वर क्रोमियम लागतं. क्रोमियमची हवेशी संगत होऊन पात्यावर डोळ्यांना न दिसणारा एक पापुद्रा धरतो आणि तो आतलं लोखंड राखतो. ओरखडा पडला तर पापुद्रा आपला आपण भरून निघतो. पण मिठातला क्लोराइड हा त्या पापुद्र्याचा जुना वैरी. तो बारीक बारीक खड्डे पाडत आत शिरतो. म्हणून समुद्रातून वर आल्यावर स्टेनलेसचा सुरासुद्धा गोड्या पाण्याने धुवायचा, कोरडा करायचा, ग्रीसचं बोट फिरवायचं. आणि गंज टाळायला क्रोमियम वाढवून कार्बन कमी केला, की धार लवकर बसते. एकीला खूश करावं तर दुसरी रुसते.

या भांडणाची सुरुवात इंग्लंडात शेफील्डला झाली. हॅरी ब्रेअर्ली नावाचा धातुतज्ज्ञ १९१३ साली बंदुकीच्या नळ्या आतून झिजू नयेत म्हणून निरनिराळी पोलादं करून बघत होता. त्यातल्या एकात शेकडा १२.८ क्रोमियम आणि ०.२४ कार्बन होता. ते गंजत नव्हतं. ब्रेअर्लीला बंदूक सोडून जेवणाच्या टेबलावरचे सुरे दिसायला लागले. शेफील्ड म्हणजे सुरे-कात्र्यांचं गाव, तिथल्या कारागिरांनी नव्या पोलादाची पाती करून बघितली आणि नाकं मुरडली. धारच येईना. न कापणारा सुरा शोधून काढणारा, अशी काही काळ त्याची थट्टा झाली. मला त्याच्याविषयी फार आपुलकी वाटते. जग बदलणारी वस्तू हातात घेऊन उभं राहावं आणि गावाने विचारावं, “बाकी ठीक आहे, पण कापतो का?”

आता मधले मार्ग निघाले आहेत. कार्बन कमी करून त्याची जागा काही अंशी नायट्रोजनने भरलेली पोलादं आहेत. ती खाऱ्या पाण्याला दाद देत नाहीत, पण त्यांची किंमत वाचताना आपल्यालाच घाम फुटतो. टायटॅनियमचे सुरेही मिळतात. ते गंजत नाहीत आणि चुंबकाला ओळख देत नाहीत. म्हणून पाण्याखालचे चुंबकीय सुरुंग निकामी करणारे पाणबुडे ते वापरतात. धार मात्र त्यावर फार टिकत नाही. अमेयला मी हे सांगितलं तेव्हा तो उत्साहाने म्हणाला, “मग टायटॅनियमचाच घेऊ या का?” नेत्राणीला सुरुंग नाहीत, हे त्याला समजावण्यात थोडा वेळ गेला.

टोकाचंही तसंच. रानातल्या सुऱ्याला टोक हवं. काटा काढायला, भोक पाडायला, माशाचं पोट उघडायला टोकाशिवाय चालत नाही. पाण्याखाली टोक म्हणजे आफत. तिथे माणसाच्या अंगावर हवा भरलेलं जाकीट असतं, छातीवरून श्वासाची नळी गेलेली असते, हातात जाड मोजे असतात, शिवाय घाबरलेला माणूस पात्याची दिशा बघत नाही. म्हणून पाणबुड्यांच्या कितीतरी सुऱ्यांचं टोक छिन्नीसारखं चपटं, बोथट करून ठेवलेलं असतं. असा सुरा बघून अमेयचा चेहरा पडला. शार्कला याने काय करायचं, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता.

शार्क आले सिनेमातून. १९६५च्या ‘थंडरबॉल’मध्ये जेम्स बाँडची मंडळी समुद्राखाली लढतात. पाणबुड्यांच्या दोन फौजा, भाले, सुरे, एकमेकांच्या हवेच्या नळ्या कापणं, सगळं यथासांग आहे. त्या काळापासून पोटरीला फूटभर सुरा बांधल्याशिवाय पाणबुडा पुरा दिसेना. खरा शत्रू त्याहून फार क्षुद्र आहे. मासे धरायची नायलॉनची तंगूस. पाण्यात ती जवळजवळ दिसत नाही, कुजत नाही, तुटून तळाला पडली तरी वर्षानुवर्षं गळ टाकून बसलेली असते. जाळ्यांचे तुकडे, ट्रॉलरचे दोर, खडकाला अडकून सोडून दिलेले. कोकणच्या किनाऱ्यावर अशा जाळ्यांत गुरफटलेली ऑलिव्ह रिडले कासवं वाहत येतात. त्यांना मारणाऱ्या वस्तूला ना जबडा असतो, ना वैर.

पाणबुड्याला ही तंगूस बहुधा मागून धरते. सिलिंडरच्या तोंडाशी, मानेच्या मागे, जिथे आपला हात पोचत नाही नेमकी तिथे. काय अडकलं ते बघायला माणूस गर्रकन वळतो आणि आणखी एक वेढा बसतो. शिकवणारे म्हणूनच सांगतात, वळू नको, थांब, मागे सरक, जोडीदाराला खूण कर. मग सुरा. आणि तिथे गुळगुळीत धारेचं सुंदर पातं कुचकामी ठरतं, कारण नायलॉन ओला असताना त्याच्यावरून घसरतो आणि ताणला जातो. दातेरी धार लागते, किंवा पात्यात कोरलेली एक खाच, जिच्यात दोरा अडकवून ओढला की तुटतो. आता तर पुष्कळ पाणबुडे सुरा ठेवतच नाहीत. दोरा कापायची हातात मावणारी आकडी ठेवतात, नाहीतर ॲम्ब्युलन्समध्ये कपडे कापायला असते तसली बोथट टोकाची कात्री. आणि ती पोटरीला नाही, छातीवर किंवा कमरेला, डावा-उजवा कुठलाही हात पोचेल अशी. मेक्सिकोतल्या कोझुमेलच्या सागरी उद्यानात तर सुरा न्यायलाच बंदी आहे, लोक प्रवाळ खरवडतात म्हणून.

“म्हणजे कात्री घेऊ?” अमेय म्हणाला. ज्या आवाजात मुलगे शाळेत ‘शिवणकाम घेऊ?’ विचारत, तो आवाज.

मी म्हटलं, जंगलाची बाजू तर अजून व्हायची आहे. आणि तिथेही त्याची निराशाच करावी लागली. रानात राहून लिहिणारी जुनी जाणती माणसं मोठ्या सुऱ्याला हसलेली आहेत. ‘नेसमक’ या नावाने लिहिणारा जॉर्ज सिअर्स हा अमेरिकी गृहस्थ पन्नास किलोच्या आसपास वजनाचा, प्रकृतीने तोळामासा, एकट्याने होडी वल्हवत रानोमाळ फिरणारा. १८८४ साली आलेल्या त्याच्या पुस्तकात एक लहानशी कुऱ्हाड आहे आणि एक पातळ, लहान पात्याचा सुरा आहे. पुढे १९०६ मध्ये होरेस केफार्टचं पुस्तक आलं. हा आधी सेंट लुइसमधला ग्रंथपाल, मग सगळं सोडून स्मोकी डोंगरांत जाऊन राहिलेला. त्याचाही सुरा चार-पाच इंचांचा, साधा, नक्षी नाही, आडवी मूठ नाही. बाजारातल्या ढाण्या शिकारी सुऱ्यांची त्याने टर उडवली आहे. ग्रंथपालाने जंगलात जाऊन शेवटी पेन्सिलीला टोक करण्याजोगा सुरा निवडावा, हे मला फार पटतं.

उलट १९८२चा ‘फर्स्ट ब्लड’ आठवा. त्यातल्या रॅम्बोचा सुरा आर्कान्सासच्या जिमी लाइलने घडवलेला, आणि मूठ पोकळ. आत काड्यापेटीच्या काड्या, सुईदोरा, गळ, टोपणात होकायंत्र. जगातल्या समस्त मुलांनी हे बघितलं आणि कारखानदारांनी ती मुलं बघितली. लाइलचा सुरा उत्तमच होता, पण नकलांचं पातं मुठीपाशीच संपायचं. जोर येतो नेमका तिथेच जोड. एक ओंडका फोडायला घेतला, की पातं एकीकडे आणि मूठ एकीकडे. सुईदोरा मात्र सुखरूप.

म्हणून जाणकार सांगतात, पातं मुठीच्या शेवटापर्यंत एकाच पोलादाचं गेलेलं असावं आणि मुठीच्या दोन फाळक्या त्याला दोन्हीकडून ठोकलेल्या असाव्यात. सांगणं बरोबर आहे. तरी स्वीडनमधल्या मोरा गावचे स्वस्त सुरे बघा, त्यांचं पातं प्लॅस्टिकच्या मुठीत अर्ध्यातच थांबतं आणि उत्तरेच्या जंगलातले पिढीजात लोक तेच वापरतात. कारण ते त्याने ओंडके फोडत नाहीत. सुऱ्याच्या पाठीवर दांडक्याने ठोकून लाकूड चिरण्याचा एक प्रकार हल्ली फार बोकाळला आहे. एका वाडीत रात्री मुक्काम असताना आमच्या ठाकर वाटाड्याला मी मोबाइलवर त्याचा व्हिडिओ दाखवला होता. त्याने शेवटपर्यंत शांतपणे पाहिला आणि सहानुभूतीने विचारलं, “कुऱ्हाड घरी इसारला काय त्यो?”

त्याच्या स्वतःच्या कमरेला लाकडी आकडीत कोयता होता. वाट मोकळी करायला, सरपण तोडायला, नारळ असला तर नारळ, काटा असला तर काटा. पात्याला काळपट डाग, मूठ घामाने गुळगुळीत. पोलाद कुठलं, कठीणपणाचा आकडा किती, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. गाडीच्या जुन्या पाट्याचं असावं, लोहार बहुधा तेच वापरतात. माझा परदेशी सुरा त्याने हातात घेतला, अंगठ्याने धार पाहिली, “झ्याक हाय,” म्हणाला आणि आदबीने परत दिला. मग आमच्यासाठी जे काही तोडायचं होतं ते कोयत्याने तोडलं.

हत्यार आणि अवजार यांतला फरक कायद्यालाही कळतो. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्याराला आपल्याकडे परवाना लागतो, पण घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे शेतातला कोयता निर्धास्त आणि शिंगवाल्या मुठीचा दहा इंची ‘जंगली’ सुरा मात्र चौकीत. अर्थात पुण्यात गेल्या काही वर्षांत वर्तमानपत्रांनी कोयत्याची जी ख्याती करून ठेवली आहे, ती पाहता तो कमरेला लावून स्वारगेटला उतरू नये. सरकारला निम्म्या वाटेपर्यंत सांगता येतं की हे अवजार आहे. उरलेली वाट पोलिसांची.

आणि सुऱ्याने जीव वाचतो का? १९९१ साली ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवर आल्प्सच्या बर्फात एक माणूस सापडला, ५३०० वर्षांपूर्वीचा. त्याला लोक ‘ओत्झी’ म्हणतात. त्याच्याजवळ चकमकीच्या दगडाचा, लाकडी मुठीचा, मुठीसकट जेमतेम १३ सेंटिमीटरचा सुरा होता. झाडाच्या सालीच्या धाग्यांनी विणलेलं म्यान होतं. धार काढायचं एक वेगळं अवजारही होतं, आणि त्याने ती परत परत काढलेली होती. तांब्याची कुऱ्हाड होती ती वेगळीच. इतका जय्यत माणूस गेला तो पाठीमागून खांद्यात घुसलेल्या बाणाने.

दुसरं टोक ॲरन राल्स्टनचं. ‘१२७ अवर्स’ हा सिनेमा पाहिला असेल, ए. आर. रहमानचं संगीत आहे. २००३ साली यूटाच्या एका अरुंद घळीत दगड निसटून या गिर्यारोहकाचा उजवा हात त्याखाली सापडला. जवळ होतं ते स्वस्तातलं, बहुकामी, घडीचं अवजार. त्याचं पातं दगडावर कोरून कोरून बोथट झालेलं. पाच दिवसांनी त्याने आधी हाताची हाडं पिळून मोडली, मग त्या पात्याने उरलेला हात कापला आणि चालत बाहेर आला. चांगला सुरा असता तर थोडं सोपं गेलं असतं. पण त्याहून सोपी गोष्ट त्याने केलीच नव्हती, कुठे जातोय हे कुणालाही सांगितलेलं नव्हतं. आमच्याकडे ट्रेकला निघालं की मी बूट बांधेपर्यंत बायको विचारते, कुठला गड, बरोबर कोण, वाटाड्याचा नंबर काय, यायला किती वाजणार. इतकी वर्षं मी याला कटकट समजत आलो. हे साहित्य बाजारात मिळत असतं तर किती महाग असतं!

अमेयने शेवटी दोन वस्तू घेतल्या. जंगलासाठी एक चार इंची, साध्या कार्बन पोलादाचा, स्वस्तातला मोरा सुरा. समुद्रासाठी बोथट टोकाचा, एका बाजूला दातेरी, खाच असलेला, बोटभर लांबीचा स्टेनलेस सुरा, जो छातीवर अडकवता येतो. आयुष्यभराचा एकच सुरा हे स्वप्न त्याने सोडलं, पण फार नाराजीने नाही, कारण दोन सुरे घेण्यात एकापेक्षा दुप्पट आनंद असतो. मी त्याला बजावलं, विमानात दोन्ही सुरे हातातल्या बॅगेत ठेवू नकोस, सामानात टाक. आणि जाण्याआधी सराव कर. म्यानातून न बघता काढणं, डाव्या हाताने काढणं, मोजे घालून काढणं, ताणलेला नायलॉन कापणं. हाताला सवय नसेल तर छातीवरचं ते पातं नुसता बिल्ला.

यावर ताईचा, म्हणजे अमेयच्या आईचा शेरा असा, की पाण्याखाली तो काय कापायचाय ते कापो, घरात त्याने आजवर एक कांदा चिरलेला नाही. तिची विळी अजून आमच्या आजीची आहे आणि आजीने ती निवडताना कुठल्याही संकटाचा विचार केलेला नव्हता. रोज स्वयंपाक करायचाय, एवढंच तिला माहीत होतं.

गेल्या रविवारी सकाळी ताईचा फोन आला. आवाजावरूनच कळलं की माझी चौकशी करायला नाही. “तुझ्या भाच्याने गॅलरीतली कपड्यांची नायलॉनची दोरी कापली. डोळ्यांना पोहण्याचा चष्मा लावून, श्वास रोखून! दोन बादल्या ओले कपडे आहेत माझ्याकडे. आता ते कुठे घालू, सांग.”

मी योग्य तेवढा पश्चात्ताप आवाजात आणला आणि मग न राहवून विचारलं, “पण किती वेळ लागला गं?”

“तुम्ही दोघं सारखेच,” ताई म्हणाली. तिच्या मागून अमेयचा आवाज आला, “मामा, दुसऱ्या ओढीला तुटली! पण मोजे घालायचे राहिले.”

म्हणजे आणखी एक दोरी लागणार.